अकरा वाजताची पाहणी

नगरपालिकेच्या पार्किंग विभागात त्यांना सगळे टेपसाहेब म्हणत. निरीक्षक तसे आणखीही होते, पण खिशात मोजायची टेप घेऊन फिरणारे हे एकटेच. पिवळ्या डब्यातली, बटण दाबलं की सर्रकन आत पळणारी ती टेप इतकी वर्षं पँटच्या उजव्या खिशात राहिली होती की शिंप्याकडून नवी पँट आली तरी आठवड्याभरात तिचा उजवा खिसा लोंबायला लागायचा. बायको म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा टेप घरी कशी विसरलात, हेच मला कळत नाही." टेपसाहेब हसायचे. असली थट्टा त्यांना मनापासून आवडायची, कारण तिच्यात त्यांच्या काटेकोरपणाची फुकट जाहिरात होत असे.

माणूस सरळ, नाकासमोर चालणारा. कुणाच्या घोटभर चहाचाही मिंधा नाही. पाहणीला गेल्यावर अर्जदाराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नेम. त्यांच्या आधीच्या निरीक्षकाला लोक घरात बोलवायचे, बसवायचे, रडून दाखवायचे, आणि तो बिचारा पाघळायचा. पुढे त्याच्यावर नाही नाही ते आरोप झाले. ते बघून टेपसाहेब ताकही फुंकून प्यायला शिकले. "आजारपण घरात असतं, जागा रस्त्यावर असते," ते नव्या लोकांना सांगायचे, "आणि आपण रस्त्याचे नोकर."

त्यांच्या नोकरीचा मुख्य भाग म्हणजे पिवळे चौकोन. जुन्या वस्तीतल्या गल्ल्या अरुंद, आणि गाड्या घरांपेक्षा जास्त. रहिवाशांना पालिकेचा परवाना मिळायचा, पण परवाना म्हणजे गल्लीत गाडी लावण्याची मुभा. जागा मिळेलच असं नाही. ज्याच्या घरात अपंग किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल त्याच्या दारासमोर पालिका पिवळा चौकोन आखून द्यायची. तो त्या घराचा, दुसऱ्या कुणी तिथे गाडी लावली की दंड. सुरुवातीला हे चौकोन नुसत्या डॉक्टरच्या दाखल्यावर मिळत. झालं, बघता बघता सगळ्या गल्ल्यांना गुडघेदुखीची साथ लागली. धडधाकट माणसं कचेरीत शिरताना लंगडायची आणि बाहेर पडताना दोन दोन पायऱ्या उतरायची.

यावर तोडगा काढला तो टेपसाहेबांनी. निरीक्षकाने स्वतः गल्लीत जायचं, अर्जदाराच्या दाराजवळ मोकळी जागा आहे की नाही ते डोळ्यांनी बघायचं. जागा असेल तर चौकोन कशाला हवा? चौकोन मंजूर करणाऱ्या समितीला ही कल्पना फार पसंत पडली, कारण त्यानंतर तिला विचार करायचं काम उरलं नाही. निरीक्षकाच्या शेऱ्याखाली सही केली की झालं. पाहणीची वेळही टेपसाहेबांनीच ठरवली, सकाळी अकरा. तोवर टेबलावरचं काम हातावेगळं झालेलं असतं, रस्त्यावर वर्दळ कमी असते, टेप अंथरली तर तिच्यावरून कुणी गाडी घालत नाही. साथ लगेच ओसरली. टेपसाहेबांचा कचेरीत सत्कारही झाला, छोटासा.

अशात एक दिवस त्यांच्या टेबलावर त्यांच्या ताईचा अर्ज आला.

ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच धाकट्याला न्हाऊमाखू घालून मोठा केला. भाऊजी शाळेत खेळाचे मास्तर. मेहुणा नोकरीला लागला त्या दिवसापासून त्याला "साहेब" म्हणायचे, आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने की शेजाऱ्यांना ते खरंच वाटायचं. टेपसाहेबांना सायकल शिकवली ती त्यांनीच, सीट धरून मागे पळत. असा हा पळणारा माणूस निवृत्तीनंतर एका सकाळी दात घासता घासता कोसळला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, व्यायामाच्या केंद्रात नेमाने आणलंत तर हा माणूस चालेल. खंड पडू देऊ नका.

केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला. मग ताई साठी उलटल्यावर गाडी चालवायला शिकली. शिकवणारा पोरगा जीव मुठीत धरून शेजारी बसायचा म्हणे, पण ती शिकली. दुपारी भाऊजींना घेऊन जायची, संध्याकाळी परत आणायची. आणि खरोखर गुण येत होता. आधी बोटं हलली, मग पाऊल. काठी आणि ताईचा खांदा धरून ते पहिल्या मजल्यावरून जिना उतरायचे, चढायचे. फक्त गाडी दारात यायला हवी होती.

कचेरीत नवीन आलेली कारकून मुलगी अर्ज हातात घेऊन उभी राहिली. "साहेब, ह्या तुमच्या ताई ना? मग पाहणीला दुसऱ्या कुणाला पाठवायचं का?"

"का?"

"नाही, म्हणजे, बरं दिसेल."

"दुसरा गेला आणि त्याने हो म्हटलं, की लोक म्हणतील साहेबाच्या बहिणीची सोय केली. मीच जातो. इतरांना जो नियम तोच तिला."

त्या मुलीने अर्ज खाली ठेवला. तिचं म्हणणं साधं होतं आणि बरोबर होतं. पण टेपसाहेबांना त्या क्षणी आपल्या सरळपणाची परीक्षा दिसत होती आणि परीक्षेत पहिलं यायची त्यांना जन्माची हौस.

दुसऱ्या दिवशी अकराला ते पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत पोचले. गल्ली अगदी निवांत. ताईच्या दारासमोर दोन गाड्या सहज मावतील एवढी जागा मोकळी होती आणि तिच्यात एक कुत्रं पाय ताणून झोपलं होतं. टेपसाहेबांनी कुत्र्याला न उठवता माप घेतलं. तेवढ्यात वरून हाक आली.

"अरे धाकट्या, वर ये ना. हे वाट बघताहेत."

"आत्ता कामावर आहे, ताई."

"पाच मिनिटं ये रे."

"पाहणीच्या वेळी मी कुणाकडे जात नाही. तुला ठाऊक आहे."

ताई गॅलरीच्या कठड्यावर वाकली. "बरं, मग संध्याकाळी बघायला ये एकदा. आत्ता काय, आत्ता सगळी गल्ली आपलीच असते."

"पाहणीची वेळ ठरलेली आहे, ताई. सगळ्यांना तीच."

ताईने एकदा मागे वळून घरात पाहिलं, आणि पुन्हा खाली. टेपसाहेबांनी टेप खिशात टाकली, हात हलवला आणि ते निघाले. कचेरीत जाऊन त्यांनी शेरा लिहिला, "दारासमोर जागा उपलब्ध. राखीव चौकोनाची आवश्यकता नाही." अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. रात्री जेवताना बायकोला त्यांनी हे जरा अभिमानानेच सांगितलं. ती ताटाकडे बघत म्हणाली, "सख्ख्या बहिणीच्या दारात जाऊन जिना न चढता आलात? धन्य आहे तुमची." त्यांना ते लागलं, पण बायकांना नियम कळत नाहीत असं म्हणून त्यांनी आणखी एक पोळी घेतली.

पुढे काही महिने ते ताईकडे फिरकले नाहीत. म्हणजे मुद्दाम नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं चाललं होतं. फोनवर ती नेहमीसारखीच बोलायची. कसा आहेस, जेवतोस ना वेळेवर. चौकोनाचा विषय तिने एकदाही काढला नाही, आणि त्यांनी ते सोयीस्करपणे समजूतदारपणा म्हणून घेतलं.

आणि एका संध्याकाळी दवाखान्यातून तिचा फोन आला. भाऊजी जिन्यात पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं.

टेपसाहेब धावत गेले. ऑपरेशन उद्या ठरलं, भाचा मुक्कामाला थांबला, आणि ताईला कपडे आणायला घरी न्यायचं म्हणून तिची गाडी टेपसाहेबांनी चालवायला घेतली. गल्लीत शिरले आणि त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. कुत्रं झोपलं होतं तिथे एक मोठी गाडी उभी होती. तिच्या मागे दुसरी, पुढे तिसरी, समोरच्या बाजूला तशीच रांग. मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"थांबू नकोस," ताई म्हणाली. "मागचे ओरडतात. सरळ घे."

ते सरळ गेले. पुढच्या गल्लीत तेच. त्याच्या पुढच्या गल्लीतही तेच. सगळी वस्ती कामावरून घरी आली होती आणि प्रत्येकाने आपली गाडी आणली होती. यात नवल ते काय? माणसं सकाळी जातात आणि संध्याकाळी येतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त दहाला कचेरीत येऊन पाचला निघणाऱ्या आणि आवारात स्वतःच्या पदाची पाटी लावलेल्या जागेत गाडी ठेवणाऱ्या माणसांना हे कधी सुचलं नव्हतं. जी जागा ते मोजत होते ती मोकळी होती, कारण ज्यांना ती हवी असायची ती माणसं त्या वेळी तिथे नसायची.

"आता डावीकडे," ताई सांगत होती. "टाकीपाशी मिळते कधी कधी. नाही? मग शाळेच्या भिंतीकडे घे. हळू, तिथे खड्डा आहे."

तिला सगळं पाठ होतं. शाळेच्या भिंतीला लागून शेवटी जागा मिळाली. तिथून दोघं चालत निघाले. ताई झपाझप चालत होती, तिला गाठताना टेपसाहेबांना धाप लागत होती.

"एवढ्या घाईने का चालतेस?"

ती थबकली. "सवय लागलीय. हे खाली बसलेले असतात ना, दुकानाच्या पायरीवर."

मग चालता चालता तिने सांगितलं. दारात गाडी थांबवायची, भाऊजींना उतरवून किराणावाल्याच्या पायरीवर बसवायचं, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत निघायचं, जागा शोधायची आणि परत यायचं. आज जागा लवकर मिळाली नाही. भाऊजींना वाटलं, हिला सारखा आपला त्रास, आपणच चढून बघावं.

"रोज असंच?" टेपसाहेबांनी विचारलं.

"रोज नाही. कधी लवकर मिळायची."

"मला सांगायचं नाही का, ताई?"

"सांगितलं होतं की, संध्याकाळी ये म्हणून."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं, निदान मान खाली घालता येते. ती आपली किल्ल्या शोधत होती.

पुढल्याच आठवड्यात टेपसाहेबांनी वरिष्ठांकडे टिपण दिलं. पाहणी यापुढे संध्याकाळी सातनंतर, आणि आजवर नाकारलेल्या सगळ्या अर्जांची फेरतपासणी. समितीने हेही लगेच मान्य केलं, कारण सही करायला तिला तेवढाच वेळ लागायचा. निम्म्याहून जास्त अर्जदारांना चौकोन मिळाले. काही दारांवर मात्र टेपसाहेबांना सांगण्यात आलं की ज्यांच्यासाठी हवा होता ते आता राहिले नाहीत. एका म्हाताऱ्या बाईंनी तर त्यांनाच धीर दिला, "जाऊ द्या हो, तुम्ही तरी काय करणार." कचेरीत मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ती कारकून मुलगी टाळ्या वाजवत होती, पण टेपसाहेबांना तिच्याकडे बघवेना.

ताईचा चौकोन त्यांनी सगळ्यात आधी मंजूर करून घेतला होता. रंगवायला माणसं पाठवतो म्हणून फोन केला, तर ती म्हणाली, "आता नको. हाड जुळलं, पण उभे राहत नाहीत. केंद्रात नेणं बंद झालं, गाडी विकली. उगाच दुसऱ्या कुणाची जागा कशाला अडवायची?"

त्या रविवारी ते गेले. या वेळी जिना चढले. भाऊजी खिडकीशेजारच्या पलंगावर होते. दंड बारीक झाले होते, गाल बसले होते. मेहुण्याला बघून तोंडाची चांगली बाजू हसली आणि मोठ्या कष्टाने शब्द आला, "सा... हेब."

टेपसाहेब पलंगाच्या कडेला बसले. इतके दिवस मनात घोळवलेलं भाषण होतं, त्यातलं काही आठवेना. "भाऊजी, चुकलं माझं," एवढंच म्हणाले. भाऊजींनी डावा हात उचलून नको नको असा हलवला, आणि जरा वेळाने त्यांचा डोळा लागला.

ताई चादर सारखी करत होती. तिची पाठ त्यांच्याकडे होती.

"त्या दिवशी तू माप घ्यायला आला होतास ना," ती म्हणाली, "तेव्हा हे या पलंगापासून पार त्या दारापर्यंत चालत आले होते. काठी नाही, माझा हात नाही. पहिल्यांदाच. आठ दिवस चोरून सराव चालला होता, तुला दाखवायचं म्हणून. तुझी पावलं जिन्यात वाजतील, दार उघडशील आणि समोर हे उभे, असं ठरलं होतं. म्हणून तुला सारखी वर बोलवत होते."

"मग?"

"मग काय," ताई म्हणाली. "तू गेल्याचं सांगितलं, आणि हाताला धरून परत आणून बसवलं."