न उघडलेली फळी
ताज्या चुन्याचा वास आला की उरणजवळचं एक कोळंबीचं तळं आठवतं. ऐंशीच्या दशकात मी प्रयोगशाळेत नुकतीच नोकरीला लागले होते. त्या तळ्यातली कोळंबी अंगावर काळे डाग पडून मरत होती, म्हणून पाण्याचे नमुने घ्यायला गेले. "बांधाची फळी उघडून हे पाणी खाडीत सोडा, नवं आत घ्या, उरलेली जगेल," मी मालकीणबाईंना म्हटलं. "आनि ह्यो रोग खाडीतून जावेच्या तल्यात गेला तं? ती माज्याशी बोलत नाय, पन तिचं घर त्या तल्यावरच चालतंय." त्यांनी फळी उघडली नाही; पोत्यांनी चुना ओतून उरलेली कोळंबीही स्वतःच्या हातांनी मारली, आणि बांधावर बसून रडल्या. अहवालात मी फक्त जिवाणूंबद्दल लिहिलं. मी दिलेला सल्ला आज पहिल्यांदाच कबूल करते आहे.