दमयंतीबाईंचा राउटर

दमयंतीबाई चौसाळकर टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या, पण तारांचा नाद काही सुटला नाही. शहरातल्या उस्मानपुऱ्यात तात्यासाहेबांची अभ्यासिका होती, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी. तिथल्या चोवीस कॉम्प्युटरांना इंटरनेट वाटून देणारा राउटर बाईंनी घरीच बनवला. भंगारात निघालेला एक जुना कॉम्प्युटर, त्यात केबल जोडायची दोन नेटवर्क कार्डं, वर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली. वर्षभर त्यानं कुरकुर केली नाही.

२०१६चा उन्हाळा आला. दुष्काळामुळं गावाकडची पोरं सुट्टीतही शहरातच राहिली, अभ्यासिका गच्च भरली. आता रविवारी दहाला सगळ्यांची ऑनलाइन सराव परीक्षा सुरू झाली, की दहा मिनिटांत राउटर हँग व्हायचा. तो बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत सगळ्यांचे पेपर गेलेले असायचे.

"गरम होत असंल," तात्यासाहेब म्हणाले. पाणी टँकरचं, म्हणून त्यांनी कूलर बंदच ठेवले होते.

बाईंचा संशय वेगळा होता. राउटरच्या नोंदीत इंटरनेटची सगळ्यात जास्त ओढ अकरा नंबरच्या कॉम्प्युटरची दिसली. तिथं फर्दापूरची प्रेरणा बसायची.

"काय उतरवतेस गं एवढं?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"शिकवणीचे व्हिडिओ, मॅडम. गावी नेट चालत नाय."

"तुझ्यामुळं बाकीच्यांचे पेपर जातात. बंद कर ते."

प्रेरणानं उतरत असलेला व्हिडिओ मध्येच थांबवला.

पुढच्या रविवारी ती गावी गेली होती. अकरा नंबर रिकामा होता. तरी दहा मिनिटांत राउटर गेलाच. त्या रिकाम्या खुर्चीकडं बघून बाईंना कसंतरीच झालं.

सोमवारी अभ्यासिकेला सुट्टी. बाई सकाळीच येऊन बसल्या. आधी राउटरला तासभर नुसती अवघड आकडेमोड करायला लावली. तो चांगलाच तापला, पण हँग झाला नाही. म्हणजे उष्णता नव्हे. मग त्याच्यातून एक अवाढव्य फाइल या टोकाच्या कॉम्प्युटरवरून त्या टोकाला पाठवली. चार मिनिटांत बंद! केबल बदलली, तरी तेच. शेवटी राउटरलाच स्क्रीन जोडला आणि फाइल पुन्हा सोडली. मरताना त्यानं शेवटची ओळ लिहिली ती एका नेटवर्क कार्डाबद्दल: कार्ड उत्तर देत नाही.

ते हलक्या प्रतीचं कार्ड बाईंनीच घाईत निवडलं होतं. त्यांनी स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरमधलं चांगलं कार्ड काढून आणून बसवलं. ती फाइल मग दुपारभर इकडून तिकडं जात राहिली.

रविवारी पेपर सुरू होण्याआधी बाई उभ्या राहिल्या. "त्या दिवशी मी प्रेरणाला बोलले. चूक तिची नव्हती. कार्ड मी निवडलं होतं, ते भार पेलत नव्हतं. प्रेरणा, माझं चुकलं बाई."

प्रेरणा इतकी लाजली, की तिला कुठं बघावं कळेना.

त्या दिवशी चोवीसच्या चोवीस पेपर पूर्ण झाले. पोरं पांगल्यावर प्रेरणा बाईंजवळ आली.

"मॅडम, मग ते व्हिडिओ उतरवू का आता?"

"उतरव की. माझ्यासमोरच उतरव, कितपत पेलतंय तेही बघू."

दोघी अकरा नंबरसमोर बसल्या. व्हिडिओ एकेक करून उतरत होते, आणि प्रेरणा बाईंना सांगत होती, की गावातल्या आणखी दोघींना तिनं हेच व्हिडिओ दाखवून अभ्यासाला बसवलंय.