शनिवारी पैशाचं बोलायचं नाही

मुंबईच्या विमानतळावर बॅगांना प्लास्टिक गुंडाळून देणारं एक यंत्र असतं. २०२०च्या जानेवारीत मी आमच्या सगळ्या बॅगा त्याच्यावर गरागरा फिरवून घेतल्या आणि काउंटरपुढे ऐटीत जाऊन उभा राहिलो. पलीकडच्या मुलीने पासपोर्ट मागितले. पासपोर्ट सर्वांत मोठ्या बॅगेत होते. सुरक्षित राहावेत म्हणून मीच ते कुकरमध्ये ठेवले होते आणि कुकर सतरंजीत बांधला होता. "आमचे दोघींचे माझ्या पर्समध्ये ठेवते," असं अश्विनी, म्हणजे माझी बायको, निघताना म्हणाली होती. मी म्हटलं होतं, "तू कशाला ताण घेतेस? मी आहे ना."

मग मी आहे ना, तो मी विमानतळाच्या फरशीवर गुडघे टेकून प्लास्टिक फाडत बसलो. लाडूंचे डबे, थर्मल बनियनं, पोळपाट, सगळं परदेशी पाहुण्यांना दाखवून झालं. कुकरचं झाकण गडबडीत निघेना. रांगेतल्या एका अनोळखी बाईंनी ते एका हिसक्यात काढून दिलं. दहा वर्षांची आमची ईरा आमच्यापासून थोडी लांब, दुसऱ्याच कुटुंबातली असल्यासारखी उभी होती.

पुण्यात मागे राहिलेल्या आणि आमच्यासारख्याच इकडे येऊन पडलेल्या मंडळींनो, हे मुद्दाम सांगतोय, कारण तुम्ही फोनवर विचारता, "आयर्लंडला दीड-दोन वर्षं झाली, घर घेतलंस की नाही?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

आमच्याकडे कारभार एका हाती असायचा. बँक, विमा, गॅसचा नंबर, सगळं वडिलांना ठाऊक. आई विचारायला गेली की ते म्हणायचे, "तुला काय कमी पडतंय का?" हे वाक्य मला प्रेमाचं वाटायचं. इथे, डब्लिनजवळच्या डून लेरीला आल्यावर मी तेच चालू केलं. औषधांच्या कारखान्यात क्वालिटीचा मॅनेजर, म्हणजे दिवसभर लोक माझ्या सहीसाठी थांबलेले. घरी आलो की वीजबिल, भाडं, ईराची शाळा, त्यालाही सही माझीच. अश्विनी पुण्यात फिजिओथेरपिस्ट होती. स्वतःचं क्लिनिक होतं, पेशंट रांग लावायचे. इथे ती माझ्यावर अवलंबून असलेली व्यक्ती होती. व्हिसाच्या कागदावर तसंच लिहिलेलं असतं आणि मी तो कागद फारच मनावर घेतला होता.

आमची घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. पहिल्या दिवशी किल्ल्या देताना तिने आमच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "दमलाव ना? वर जा, वरण-भात ठेवलाय." मी किल्ल्या खाली पाडल्या. रेचलमावशी मूळची रेवदंड्याची, बेने इस्रायल. आपल्या अलिबागकडे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ज्यू लोक आहेत ना, त्यांतली. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. ती नर्स म्हणून तरुणपणी इथे आली आणि इथलीच झाली. नवरा गेलेला, मुलगी कॅनडात. तिच्या एकाच वाक्यात रेवदंडा आणि डब्लिन शेजारी बसायचे. "प्रेसमधून कप काढ रे, आणि लाजू नको, यू आर ग्रँड." इथे कपाटाला प्रेस आणि 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात हे मला तिनेच शिकवलं.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. कारखाना चालू, बाकी जग बंद. एकट्या राहणाऱ्या माणसाला एका कुटुंबाशी जोडून घ्यायची परवानगी मिळाली, तेव्हा मावशीने आम्हाला निवडलं. आम्ही तिचं वाणसामान आणायचो आणि अश्विनी तिच्या खांद्याचे व्यायाम करून घ्यायची. शुक्रवारी संध्याकाळी मावशी मेणबत्त्या लावायची आणि तिथून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत तिचं घर थांबायचं. चूल नाही, फोन नाही, पैशाला हात नाही. चहासुद्धा आदल्या दिवशीचा, थर्मासमधला.

२०२१च्या वसंतात मला घराचा झटका आला. भाडं भरून भरून मी वैतागलो होतो, आणि कारखान्यातले सगळे एक तर घर घेतलेले नाहीतर घेण्याविषयी बोलणारे. शहराबाहेर नव्या वसाहतीत एक घर मिळत होतं. मागे बाग, पुढे दोन गाड्यांची जागा. आमच्याकडे गाडी एकच होती, पण जागा दोनची होती हे मला फार आवडलं. त्यासाठी सगळी शिल्लक लागणार होती. शिवाय पुण्यातलं क्लिनिक विकायचं, म्हणजे आकडा जुळत होता. क्लिनिक अश्विनीच्या नावावर होतं. तिला मी सांगितलं, "विकून टाकू या. तसंही बंदच आहे." ती म्हणाली, "बघ तुझं तू." मी याचा अर्थ होकार असा लावला. हा अर्थ लावण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

सोमवारी एजंटला शब्द द्यायचा होता. बँकेला घरमालकाचं पत्र हवं होतं. शनिवारी सकाळी मी फाईल घेऊन खाली गेलो. दार अश्विनीने उघडलं. ती आधीच तिथे होती.

"मावशी, एक सही लागेल," मी म्हटलं. "आणि बघा, व्याजाचा दर असा आहे की..."

"मिलिंद, आज वार कुठला?"

"शनिवार."

"मग ती फाईल बाहेर जिन्यावर ठेव. फोनपण. आणि ये, बस."

"मावशी, सोमवारी..."

"सोमवार सोमवारी येतो. आज या घरात पैशाचं बोलायचं नाही."

मी फाईल ठेवून आलो आणि थर्मासमधला कोमट चहा घेऊन बसलो. माझ्या लक्षात आलं की व्याजाचा दर, ओव्हरटाइम आणि घरांचे भाव वगळले तर माझ्याजवळ बोलायला काहीच नाही. मी हवेबद्दल बोललो. आयर्लंडमध्ये हवेबद्दल बोलून माणूस बराच वेळ काढू शकतो, पण तेही संपलं.

मग मावशी अश्विनीला म्हणाली, "काल ते अर्धंच सांगितलंस. काय हवंय तुला?"

अश्विनीने माझ्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली, "मला पुन्हा पेशंट बघायचेत. इथल्या नोंदणीची कागदपत्रं मी जमवलीत. मंजूर झालं की हॉस्पिटलमध्ये काही महिने हाताखाली काम करायचं, मग पूर्ण नोंदणी. पगार नाही त्या काळात. अर्जाची मुदत या महिनाअखेर आहे."

"हे तू मला बोलली नाहीस," मी म्हटलं.

"तू घराचे प्लॅन दाखवत होतास. त्यात माझ्यासाठी मोठं किचन होतं."

"पण फी किती आहे? आणि पगार नसताना हप्ते..."

मावशीने हात वर केला. "किंमत उद्या. आज फक्त हवं काय ते बोला. तुला काय हवंय रे?"

मी 'घर' म्हणणार होतो. मग वाटलं, घर कशाला हवंय? खरं सांगायचं तर मला पुण्याला फोन करून 'घर घेतलं' असं सांगायचं होतं. बाग वगैरे मला नकोच होती. गवत कोण कापणार? हे मी मोठ्याने बोललो तेव्हा अश्विनी हसली. बऱ्याच दिवसांनी माझ्या एखाद्या बोलण्यावर ती हसली, म्हणून मी ते पुन्हा बोललो.

रविवारी मावशीने मला खाली बोलावलं आणि तिच्या आजोबांनी शिकवलेला हिशोब सांगितला. तो त्यांच्या जुन्या पंडितांचा. पैशाचे तीन भाग करायचे. एक जमिनीत, एक धंद्यात, एक हाताशी. "तू तिन्ही एका विटेत घालतोयस. क्लिनिक तुमची जमीन, ती राहू दे. हाताशी थोडं ठेव. आणि धंदा म्हणशील तर तुझ्या घरात बसलाय की, वर, कपडे वाळत घालतोय."

मी म्हटलं, "मावशी, कुटुंबप्रमुख म्हणून मला सगळीकडे बघावं लागतं."

"बघितलंस ना कुकरमध्ये," ती म्हणाली. ही गोष्ट तिच्यापर्यंत कोणी पोचवली हे विचारण्यात अर्थ नव्हता. मग तिने त्यांच्या एका पुढाऱ्याची कथा सांगितली. त्याने सगळ्या लोकांना गुलामीतून बाहेर काढलं, पण वाळवंटात आल्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रत्येक भांडणाचा निवाडा स्वतःच करत बसायचा. लोक रांगेत ताटकळायचे. शेवटी पाहुणा म्हणून आलेल्या एका माणसाने त्याला सांगितलं, हे तू चांगलं करत नाहीस. तूही थकशील आणि ही माणसंही. चांगली माणसं निवड, कामं वाटून दे.

"कोण होता हा पाहुणा?" मी विचारलं.

"त्याचा सासरा."

एवढा मोठा पुढारी, आणि त्याला शहाणपण शिकवणारा सासरा. मी वर येऊन साताऱ्याला सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं. ते निवृत्त मुख्याध्यापक. चष्मा वर करून म्हणाले, "मिलिंदराव, मीपण बोललो असतो. पण जावयाला सांगायचं म्हणजे..."

"ऐकलं असतं हो बाबा."

"नसतं," मागून सासूबाई म्हणाल्या.

सोमवारी मी एजंटला नाही म्हणालो. तो म्हणाला, "नो बॉदर," म्हणजे काही हरकत नाही. एका घरावर पाणी सोडण्याचा समारंभ इतक्यात उरकला. त्याच दिवशी अश्विनीचा अर्ज गेला. सही तिची, आणि शिलकीतला धंद्याचा भाग कुठे कसा जायचा तेही तिने ठरवलं. बँकेचे पासवर्ड मी तिला दिले तेव्हा तिने माझी जवळजवळ सगळी बिलं पहिल्याच आठवड्यात आपोआप भरली जातील अशी लावून टाकली. मी वर्षभर दर रविवारी दोन तास गंभीर चेहऱ्याने काय करत होतो, असं ईराने विचारलं. मी वीजबिलांची फाईल चाळायला लागलो. "इट्स ग्रँड, बाबा," ती म्हणाली.

शरदात अश्विनीला दूरच्या मलिंगार गावातल्या हॉस्पिटलमध्ये जागा मिळाली. ती सोमवारी जाते आणि शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लागायच्या आत परत येते. मधल्या दिवसांत पोळ्या मी करतो. त्या आयर्लंडच्या नकाशासारख्या होतात, हे सांगून तुम्हाला हसायची संधी देतो. पडून जायबंदी झालेले एक म्हातारे गृहस्थ परवा तिच्या मदतीने पुन्हा पहिल्यांदा जिना चढले. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुण्यात पाहिलं होतं आणि इथे आल्यावर विसरलो होतो.

तर घराचं म्हणाल तर घेतलेलं नाही. आम्ही भाड्याच्या वरच्या मजल्यावर आहोत. खालून मावशी छताला काठीने ठोकते, म्हणजे जेवायला या. पूर्वी मला घर म्हणजे ज्याच्या कागदावर माझं नाव आहे ते वाटायचं. आता शुक्रवारी स्टेशनवरून चढ चढून येणारी अश्विनी दिसली की घर आल्यासारखं वाटतं, आणि येत ती असते.

मागच्या शुक्रवारी ती आली, जेवणं झाली, आणि मला वाटलं आता हे रीतसर सांगून टाकावं. मी घसा साफ केला. "अश्विनी, यापुढे या घरातला प्रत्येक निर्णय आपण दोघांनी मिळून घ्यायचा. मी ठरवलंय."

ती हातातलं ताट पुसत म्हणाली, "कोणाला विचारून?"