घाना येतेय!

कतारमधल्या मेसईदच्या खत कारखान्यात आठ वर्षं काढली की माणसाकडे दोनच गोष्टी साठतात, जुने सेफ्टी शूज आणि किस्से! शूज बायको फेकून देते. किस्से मात्र बसमध्ये आमच्याबरोबर रोज येतात-जातात, आणि त्यातले निम्मे तरी कोफीचे असतात.

कोफी घानाचा. आमच्याकडे साधा नट फिरवायचा तरी परमिट लागतं, आणि त्यावर सही कोफीची. पहिल्या दिवशी तो हात पुढे करून म्हणाला, "हॅलो, आय अॅम कोफी."

आमचे पुण्याचे कुलकर्णी घाईत होते. "नो थँक्यू," ते म्हणाले, "आय टेक ओन्ली टी!"

* * *

कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला, हे त्यानंच सांगितलं. इथे शुक्रवारी सुट्टी.

"म्हणजे हा जन्मापासून सुट्टीवरच!" कुलकर्णी म्हणाले. पण तसं अजिबात नव्हतं. कोफी कामाला कडक, आणि ज्या दिवशी घानाची फुटबॉल टीम हरे त्या दिवशी तर विचारूच नका! फॉर्मवर एक खाडाखोड दिसली की, "न्यू फॉर्म, प्लीज." घाना जिंकली तरी तपासायचा सगळं, पण गुणगुणत.

मग काय, आम्ही क्रिकेटवाले फुटबॉल बघायला लागलो. कुलकर्णींना ऑफसाइड अजून कळत नाही, पण घानाच्या गोलकीपरचा गुडघा दुखतोय हे त्यांना सर्वांत आधी कळायचं.

* * *

दोह्याजवळ मुऐदरला माझ्या घरीही साथ पोचली. शटडाउन म्हणजे प्लँट बंद ठेवून मोठी दुरुस्ती, त्या दिवसांत घाना जिंकली की मी वेळेवर घरी, हे बायकोच्या लक्षात आलं. एका संध्याकाळी बघतो तर बाई देवापुढे हात जोडून उभी. "त्यांचा एक गोल होऊ दे रे बाबा, मला भाजी आणायला जायचंय!"

मुलगी गोंधळली. "आई, इज घाना अवर टीम?"

"हो," बायको म्हणाली, "शटडाउन संपेपर्यंत!"

* * *

एकदा मॅच ड्रॉ झाली. आता हा माणूस कसा वागणार, कोणालाच अंदाज येईना. कोफीनं परमिट घेतलं, शांतपणे सही केली आणि निघून गेला. आम्ही सुटलो म्हणेस्तोवर कुलकर्णींनी कागद नीट पाहिला. सही होती, तारीख नव्हती!

"ड्रॉ," कुलकर्णी म्हणाले.

* * *

आणि तो अमोनियाचा दिवस. वारा फिरला की प्लँटमध्ये असा वास येतो की डोळ्यांतून पाणी काढतो. कुलकर्णी नाकाला रुमाल लावून ओरडले, "अरे, काय घाण येतेय!"

आता, 'येतेय' म्हणजे कमिंग, हे कोफीला बसस्टॉपवर आमच्याकडूनच कळलेलं. त्याचा चेहरा फुलला. "यस! यस! घाना येतेय!"

कुलकर्णींना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. कोफीच्या तोंडात मात्र ते वाक्य बसलं ते बसलंच. मॅचच्या आदल्या दिवशी साऱ्या प्लँटभर मूठ वर करून, "घाना येतेय!" खरा अर्थ सांगायची आमची कोणाची छाती झाली नाही.

* * *

आता काझीभाईंचा किस्सा. दापोलीचे काझीभाई आमचे फिटर, पाच वेळचे नमाजी, आणि खोट्याचं जन्माचं वावडं. या शटडाउनमध्ये त्यांच्या मुलीचा निकाह ठरला. पण दुरुस्ती संपल्याशिवाय रजा नाही, असं वरून आलं होतं. शेवटचा एक पंप राहिलेला. दुपारचं विमान, सकाळी पंप चालू करायचा, परमिटवर कोफीची सही हवी.

आणि आदल्या संध्याकाळी घाना हरली.

काझीभाई तर सकाळपासून नुसते घड्याळ बघत होते. तेवढ्यात कुलकर्णी धावत आले. "कोफीला निकाल माहीतच नाहीये! आज एकदम शांत आहे. विचारलं तर म्हणायचं, आम्ही मॅच बघितली नाही. खलास!"

"माला खोटा बोलाया येत नाय रे," काझीभाई म्हणाले.

कोफी आला आणि नेमका त्यांच्याचसमोर थांबला. "काझी, माय ब्रदर. घाना?"

काझीभाईंच्या कपाळावर घाम. कुलकर्णी मागून खुणा करतायत. शेवटी काझीभाईंनी मान खाली घातली आणि शुद्ध मराठीत खरं ते सांगून टाकलं, "घाण झाली, कोफीभाई."

कोफीनं नुसती मान डोलावली. मग त्यानं पंप पाहिला, एकेक बोल्ट, एकेक व्हॉल्व्ह. आणि सही केली, तारखेसकट! पंप सुरू झाला तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी कुलकर्णींना चक्क मिठी मारली. रजेचा कागद आला, काझीभाई बॅग घेऊन गाडीत बसले.

गाडी सुटणार, तोच कोफी खिडकीशी आला. त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "मुबारक, ब्रदर. आय वॉच्ड द मॅच. घाण नाही..." आणि आमच्या तिघांकडे बघत, एकेक शब्द सुटा करून, "खूप घाण झाली!"