वय अठ्ठावन्न, महिना सातवा

अनुक्रमांक नऊ. पार्बताबाई, वय अठ्ठावन्न, काम बारदाना दुरुस्ती. रक्तदाब ठीक. नजर उत्तम. आणि शेवटच्या रकान्यात डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात लिहिलेलं, "सात महिन्यांची गरोदर. एक्स-रे काढला नाही."

मी तो कागद दोनदा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

मी गोंदियात लेबर कन्सल्टंट आहे. वकील नाही आणि सरकारी अधिकारीही नाही, तरी मिलमधल्या बाया मला 'वकीलबाई'च म्हणतात. कारखान्यातले कामगारांचे कागद कायद्याप्रमाणे आहेत की नाहीत, एवढंच बघणं माझं काम. जुने एकोणतीस कायदे जाऊन चार नव्या श्रमसंहिता आल्या, तेव्हापासून माझा फोन सतत वाजतो. त्यातल्या दोन गोष्टी या हकिकतीपुरत्या लक्षात ठेवा. एक, प्रत्येक कामगाराला त्याच्या नावाचं अपॉइंटमेंट लेटर द्यायचं. दोन, चाळिशीपुढच्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी करायची.

तिरोड्याकडच्या रस्त्यावर एक राईस मिल आहे. तिथलं काम मी बरीच वर्षं बघते. लेटर्स देण्याआधी तपासणी उरकू, म्हणून मी हजेरी रजिस्टरवरून चाळिशीपुढच्यांची यादी केली, आधार कार्डांच्या झेरॉक्सशी ताडली आणि डॉक्टरांना पाठवली. मोठ्या टापटिपीचं काम झालं असं मला वाटत होतं.

डॉक्टरांना फोन केला. "नऊ नंबरचं काहीतरी चुकलंय का?"

"मॅडम, वय मी तुमच्या यादीवरून लिहिलं. पोट डोळ्यांनी पाहिलं. दोन्हींतलं कोणतं खरं, ते तुम्ही ठरवा."

मग मिलच्या मुनीमजींना फोन. मुनीमजी म्हणजे तिथले कारकून, हजेरीवाले आणि गेटकीपर, सगळं एकच.

"मुनीमजी, पार्बताबाईचं वय काय?"

"कोनत्या पार्बताचं? सासूचं का सुनेचं?"

त्यांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. मला मात्र चौकशीची जुनी खोड आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच मिलवर गेले.

गोदामाच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये बारा बाया बसतात. फाटलेले बारदाने, म्हणजे धानाची पोती, दाभण-सुतळीनं शिवायची, झटकायची, गठ्ठे बांधायचे. नाकातोंडात कोंडा जातो, म्हणून तर छातीचा एक्स-रे हवा होता. मी 'पार्बताबाई कोण' म्हणून विचारलं, तर कोपऱ्यातली एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई पदर सावरत हळूहळू उठली. नाव हेमलता.

"पार्बताबाई माही सासू," ती म्हणाली. "तिच्या जागी मी येऊन राहिली."

"किती दिवसांपासून?"

"लगन झालं तवापासून. चार वर्स."

"मग तपासणीला तू का गेलीस?"

"पार्बता म्हनून नाव पुकारलं. मी होती, मी गेली. कावून, चुकलं का?"

बाकीच्या अकरा जणी माझ्याकडे अशा बघत होत्या की चूक माझीच असावी.

मग सगळ्यांनी मिळून मला समजावलं. मिल सुरू झाली तेव्हा बारा घरांतल्या बारा बाया लागल्या. तेव्हापासून त्या बारा जागा त्या घरांच्या. नाव पहिल्या बाईचं, काम ज्या दिवशी जी मोकळी असेल तिचं. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी सुटलं आणि रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली की चपळ सुना शेताच्या बांध्यांत उतरतात आणि सासवा मिलमध्ये येऊन बसतात. रोवणी संपली की पुन्हा अदलाबदल.

"एक दिन बाई कम नहीं पडती, मॅडम," मुनीमजी अभिमानानं म्हणाले. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात इतकी बिनचूक चालणारी आणि इतकी बेकायदेशीर व्यवस्था मी पाहिली नव्हती.

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. मी हेमलताला विचारलं, "पहिल्या बाळंतपणात काय केलं होतं?"

"सव्वा महिना सासू आली. मंग मी आली. पोरगी वरच्या दुधावर ऱ्हायली." एवढंच बोलून ती पुन्हा दाभणात सुतळी ओवायला लागली.

कायदा असा आहे. बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत बाईनं किमान ऐंशी दिवस काम केलेलं असेल, तर तिला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्या काळात तिला कामावरून काढता येत नाही. हेमलतानं कागदावर एक दिवसही काम केलेलं नव्हतं. तिचे सगळे दिवस अठ्ठावन्न वर्षांच्या सासूच्या नावावर जमा होते. सातवा महिना लागलेला. आज नव्यानं नाव घातलं असतं, तर ऐंशी दिवस भरायच्या आत ती बाळंत झाली असती.

मिलचे मालक शेठजी भला माणूस, पण घाबरट. त्यांनी नेमका तोच उपाय सुचवला.

"मॅडम, सासूचं नाव काटून टाका. बहूचं आजच्या तारखेनं डालो. नई भरती. किस्सा खतम."

"तिची रजा जाईल, शेठजी."

"मैं दे दूंगा ना दो महिने. इन्सानियत के नाते."

"मेहेरबानी वेगळी, हक्क वेगळा. आणि आजची तारीख टाकली, तर ती खोटी तारीख होईल."

"और सच बोला, तो इतने साल का रजिस्टर खोटा ठरेल. इन्स्पेक्टर मला सोडेल का?"

खरं सांगायचं तर भीती मलाही वाटत होती. ते रजिस्टर दर वर्षी तपासून 'बरोबर' असा शेरा मीच मारला होता. शेठजी म्हणत होते तसं केलं असतं, तर कोणाला पत्ता लागला नसता आणि माझी अब्रू झाकली गेली असती. तो मोह मला झाला, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

तरीही हेमलताच्या बाजूनं काही पुरावा सापडतो का, हे बघावं म्हणून मी रजिस्टर उघडलं. या मिलमध्ये आत येतानाच सही किंवा अंगठा घेतात. अनुक्रमांक नऊ, छापील नाव पार्बताबाई. रोवणीच्या दिवसांत तिथे निळे अंगठे. आणि पुढे, पानामागून पान, गोल गोल अक्षरांत एकच सही: हेमलता.

मी तिला बोलावलं. "ही सही तुझी?"

"माहीच."

"सासूच्या नावापुढे तू स्वतःचं नाव लिहीत होतीस?"

"मंग? दहावी शिकली मी. माह्या हातानं दुसऱ्याचं नाव कायले लिहू?"

मुनीमजींनी चष्मा लावला. चार वर्षांत रोज त्यांच्यासमोर झालेली सही त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. मीही पहिल्यांदाच. मी आजवर फक्त रकाना भरलाय की रिकामा, एवढंच बघत आले होते. मला फार लाज वाटली. पण शेठजींना मी म्हणाले, "रजिस्टर खोटं नाहीये. आपण ते वाचलं नाही. हेच लिहून देऊ."

ऐंशी दिवस तर गेल्या एका हिवाळ्यातच भरले होते.

शेठजींनी दोन दिवस विचार केला आणि मग रजिस्टर दुरुस्तीच्या अर्जावर सही केली. अर्ज, रजिस्टरं आणि डॉक्टरांचा तो कागद घेऊन मी कामगार कार्यालयात गेले. नव्या कायद्यात इन्स्पेक्टरनं नुसतं पकडायचं नाही, मार्गही दाखवायचा असं आहे. अधिकाऱ्यांनी सह्या बघितल्या आणि मान वर न करता विचारलं, "शेरा तुमचाच ना?"

"हो."

"पुढच्या वेळी वाचून मारा." त्यांनी दुरुस्ती मान्य केली, बाराही जागांची खरी नावं महिनाभरात द्यायला सांगितली आणि मिलला लेखी ताकीद दिली. हेमलताच्या लेटरवर तिच्या पहिल्या सहीची तारीख पडली. सव्वीस आठवड्यांची रजा मंजूर झाली.

अडचण आली ती घरातून. लेटर द्यायच्या दिवशी पार्बताबाई स्वतः आली. सुकलेली, ताठ बाई.

"कागद हिच्या नावाचा झाला. मंग माही जागा कोठी गेली?"

यावरही मी तोड काढून ठेवली होती. नव्या कायद्यात ठरावीक मुदतीची नेमणूक करता येते. सुनेच्या रजेच्या काळापुरतं सासूच्या नावाचं वेगळं लेटर मी टाइप करून आणलं होतं. मी तिला ते वाचून दाखवलं. माझ्या हुशारीवर मी खूश होते.

तिनं शांतपणे ऐकलं. "म्हंजे सहा महिने."

"हो."

"आन मंग पुढच्या साली रोवणी लागली का?"

"रोवणीत हेमलतानं सुट्टी मागायची. तिच्याऐवजी तुम्हाला नाही येता येणार."

"वकीलबाई, हे शेड उभं ऱ्हायलं तवा पयला बारदाना म्या शिवला." तिनं आवाज चढवला नाही. "हिले रजा भेटली, बेस झालं. पोरगं आईच्या दुधावर ऱ्हाईल. माह्या वक्ती कोनी असं विचारलं नाही." मग तिनं शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि आपल्या नावाच्या पहिल्या आणि बहुधा शेवटच्या नेमणुकीवर तो नीट दाबला.

हेमलताला मुलगा झाला. ती आज घरी आहे आणि सासू शेडमध्ये. बाकीच्या अकरा घरांतही आता नावं ठरली आहेत. काही ठिकाणी सुनेचं, काही ठिकाणी सासूचं, आणि एका घरात त्यावरून दोन जावांचा अबोला चालू आहे. मिलचे सगळे कागद चोख आहेत. मुनीमजींची तक्रार एवढीच, की या वर्षी रोवणीत पहिल्यांदाच शेडमध्ये बाया कमी पडल्या.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना मी एकच सांगते. यादी करायच्या आधी सही वाचा. आणि कोणाला हक्काचा कागद द्यायला जाल, तेव्हा त्या कागदापायी जागेवरून उठणारं माणूस कोण आहे, तेही बघून ठेवा. त्याच्यासाठी कायद्यात रकाना नसतो.