ब्रेक झाल्याशिवाय फोडणी नाही

आमच्या कुटुंबानं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बॅटरीच्या गाडीचा पुढचा ब्रेक पुसणं. लोकांच्या शेवटच्या आठवणी देवळाच्या असतात, लग्नकार्याच्या असतात. आमची ही अशी. रविवार होता. अंगणात गोणपाट अंथरलेलं, गाडी स्टँडवर, खाली विटा लावून पुढचं चाक अधांतरी केलेलं, मी चाकाजवळ उकिडवा आणि ती पायरीवर बसलेली. त्या दिवशी काम पुरं झालं नाही. चाक फिरताना कुठंतरी बारीक घासत होतं. "राहू द्या," ती म्हणाली, "दम लागला. उरलेलं उद्या सकाळी बघू." आणि भिंतीला धरून आत गेली. पुढचं पुढं सांगतो. आधी ही बाई काय होती ते सांगायला पाहिजे, नाहीतर ब्रेकपायी रडणारा म्हातारा म्हणून तुम्ही मला हसाल.

अख्ख्या बंगळुरात ब्रेकचं सोवळं पाळणारी बाई एकच होऊन गेली, आणि ती आमच्या घरात. देवाचं म्हणाल तर तिचं जेमतेमच. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आठ-आठ दिवस पारोसा राहिला तरी तिला काही वाटायचं नाही. "त्याला कुठं उतारावर थांबायचंय?" म्हणायची. पण पुढच्या चाकातली ती चकचकीत पोलादी चकती, जिला सगळे डिस्क म्हणतात आणि ही ताटली म्हणायची, तिला कुणाचं बोट लागलं की संपलं. आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला आधी पाणी मिळायचं नाही, आधी ताकीद मिळायची. माझा सख्खा भाऊ एकदा कौतुकानं वाकून ताटलीवरून अंगठा फिरवायला गेला. "भावजी, हात मागं," असं ती अशा आवाजात म्हणाली, की तो पुढं आमच्या घरात चहाचा कपसुद्धा विचारून उचलायचा.

मी चौथी शिकलेला माणूस. येलहंक्याच्या बाजूला एका लहान कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर जन्म गेला. नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती, तेव्हा आमच्या मालकाला बॅटरीवर चालणारी दुचाकी काढायची हुक्की आली. लोकांनी असलं काही पाहिलं नव्हतं. पाच-सहा गाड्या झाल्या आणि हौस फिटली. मी कामावरून निवृत्त झालो त्या दिवशी त्यातली एक मला दिली, कारण ठेवायला जागा नव्हती. पुढं डिस्क ब्रेक. तेव्हा तो भारीतल्या मोटारसायकललाच असायचा. आमच्या गाडीचा वेग म्हणाल तर सायकलवर दूध घालणारा हात हलवत पुढं जायचा. पण ब्रेक विमानाचा. इंजिनियरनं सांगितलं, ताटलीला तेलकट हात लावू नका, रॉकेलनं पुसू नका, तेलाचा अंश राहिला तर गाडी थांबणार नाही. मी ते फाटकापर्यंत विसरलो. ही पेढे वाटायला आली होती, तिनं ते व्रत म्हणून घेतलं.

एका रविवाराआड ब्रेकचा दिवस. त्या दिवशी घरात तेलाची बरणी हलायची नाही. तिच्या केसांना तेल नाही, माझ्या टकलाला नाही. चुलीवर फोडणी तर नाहीच नाही. तेलाची वाफ हाताला बसते, हात फडक्याला लागतो, फडकं ताटलीला लागतं, असं तिचं शास्त्र. सकाळी नाचणीची अंबील प्यायची आणि शिकेकाईनं कोपरापर्यंत हात धुवायचे. जुन्या सुती पातळाची फडकी खास त्यासाठी, वेगळी धुतलेली, वेगळ्या दोरीवर वाळवलेली. त्यांच्या शेजारी माझा बनियनसुद्धा टाकायची सोय नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, एकादशीलासुद्धा शेंगदाण्याचं तेल चालतं!" तर म्हणाली, "एकादशी चुकली तर पुण्य जातं. हे चुकलं तर तुम्ही जाल." अंबील प्यायलो.

काम झालं की ती चाक फिरवायची, ब्रेक हळूच दाबायची, मान तिरकी करून कान द्यायची आणि म्हणायची, "सरी." आमच्याकडे ठीक आहे म्हणायला सगळेच कानडीतलं सरी म्हणतात, पण तिचं सरी म्हणजे कोर्टाचा निकाल. मग आत जाऊन मोहरीची फोडणी टाकायची. त्या वासानं शेजारच्या रिक्षावाल्याला कळायचं, अण्णांचा ब्रेक झाला.

ताटली पुसायला स्पिरिट लागतं. ते ती मेडिकलच्या दुकानातून आणायची, आणि इतक्या वेळा आणायची की त्या दुकानदाराला वाटलं, ही घरोघर इंजेक्शन देते. त्यानं तसं दोघा-तिघांना सांगितलंही. एकदा एक बाई तापलेलं पोर घेऊन दारात उभी. हिनं पोराच्या कपाळाला हात लावला, त्याच स्पिरिटची पट्टी ठेवली, आणि आईला म्हणाली, "आता डॉक्टरकडे ने. मी फक्त गाडीचं बघते."

दुसरी तिची इस्टेट म्हणजे लग्नपत्रिका. ताटलीच्या दोन्ही बाजूंना पॅड असतात, ते दाबले की चाक थांबतं. कधीकधी ताटली एकीकडे घासते. मग घासते त्या फटीत जाड कागद सरकवायचा, पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून ब्रेक दाबायचा आणि दाबलेलाच ठेवून बोल्ट आवळायचे. कागद काढला की बेताची फट राहते. हा कागद म्हणजे लग्नपत्रिका. तिच्याकडे जाडीप्रमाणे लावलेला गठ्ठा होता. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेलं असतं, म्हणून कोपरे कापून टाकलेले. कुणाकडून पत्रिका आली की ही तारीख बघायच्या आधी दोन बोटांत धरून चिमटायची. "पातळ आहे," म्हणून एका लग्नाला आम्ही गेलोच नाही. तिच्या मावसभावाच्या मुलीची पत्रिका सगळ्यांत उत्तम निघाली. त्या मुलीचं नवऱ्याशी पटेना, दोन वर्षांत माहेरी परत आली. आमचं कुटुंब हळहळलं आणि म्हणालं, "पत्रिका मात्र अजून घट्ट आहे हो."

गाडीला आवाज नव्हता. गाई उठायच्या नाहीत, माणसं सरकायची नाहीत, भुतासारखी मागं येऊन उभी राहणारी गाडी. म्हणून मागं बसून हीच हॉर्न. "अण्णा, स्वल्प सरका! अक्का, स्वल्प बाजूला! ए तम्मा, कुठं बघतोस?" धाकट्या वयाचा कुणीही तिचा तम्मा. बाजारात शिरलो की आमच्या आधी तिचा आवाज पोचायचा. भाजीवाल्या तिचा आवाज ऐकून कोथिंबीर काढून ठेवायच्या.

आणि ती आयुधपूजा! आमच्या गावात दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाड्यांची पूजा होते, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. चाकाखाली लिंबू, समोर कोहळा फोडायचा, गाडीला झेंडूची माळ. त्या सकाळी ही न्हाणीघरात असताना शेजारच्या रिक्षावाल्यानं आपल्या रिक्षाची पूजा केली आणि प्रेमानं आमच्याही गाडीची केली. कुंकू नीट चिकटावं म्हणून तेलात कालवलेलं. आणि लावायला त्याला जागा कुठली सापडली? सगळ्यांत चकचकीत होती ती. ताटलीवर दोन्ही बाजूंनी ठसठशीत टिळे. आम्हाला पत्ता नाही. आम्ही कोहळा आणायला निघालो. उतारावर मी ब्रेक दाबला. गाडी थांबेना. रस्त्याच्या कडेला कोहळ्यांचा ढीग मांडून एक अक्का बसली होती, त्या ढिगात आम्ही सरळ शिरलो. लागलं कुणाला नाही, पण कोहळे सगळीकडे फुटले. ती अक्का कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. आमचं कुटुंब बिया झटकत उठलं आणि म्हणालं, "फोडायलाच विकतेस ना, अक्का? आम्ही फोडून दिले."

अक्का म्हणाली, "फोडायच्या आधी विकत घेतात, आजी."

भरपाई करून, कोहळ्याच्या पाण्यात भिजून घरी आलो. हिनं ताटली बघितली आणि काय झालं ते कळलं. रिक्षावाला, त्याची बायको, सगळी गल्ली बघत असताना तिनं स्पिरिट ओतून देवाचं कुंकू पुसून टाकलं. रिक्षावाल्याची बायको तोंडावर हात ठेवून म्हणाली, "आज्जी, पूजेचं कुंकू!" ही म्हणाली, "देव मडगार्डवर बसेल. तिथं त्याला वारापण लागेल." आणि मडगार्डवर मोठा टिळा लावला. पॅडला मात्र तेल मुरलं होतं. ते नवे मिळेपर्यंत आम्ही चालत फिरलो. रिक्षावाला तोंड लपवत होता, त्याला हिनंच हाक मारली. "तम्मा, तुझा जीव चांगला आहे रे. हात तेवढा धुऊन ये."

आता खरी गोष्ट सांगतो. माझे कान प्रेसनं खाल्ले. माणसांचं बोलणं ऐकू येतं, पण बारीक आवाज गेले. चिमणी गेली, कुकरची शिट्टी गेली, मोहरीचं तडतडणं गेलं. ब्रेक बिघडायला लागला की आधी बारीक आवाज करतो. तेल लागलं तर चीं, धूळ गेली तर खर्र, ताटली घासत असेल तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा शिक्. हे मला सगळं तिनं तोंडानं करून दाखवलेलं आहे. मी स्वतः कधी ऐकलेलं नाही. गाडी मी चालवायचो, ऐकायची ती.

शेवटच्या वर्षी तिला चालताना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाला, हृदय मोठं झालंय. परत निघताना ती मागं बसली. मग म्हणाली, "हृदय मोठं झालं म्हणजे वाईट कसं म्हणतात हो?" आणि थोड्या वेळानं, "मी नसले तर ब्रेक कोण ऐकेल?" मी म्हटलं, "तू नसलीस तर मी गाडी विकेन." ती म्हणाली, "विकाल आणि बसाल घरात भिंतीकडे बघत. ते मला चालणार नाही." ओरडायला दम पुरेना, तशी ती देव्हाऱ्यातली घंटा घेऊन मागं बसायला लागली. लोक बाजूला व्हायचे आणि वर नमस्कारही करायचे. पण घंटेनं रस्ता मोकळा होतो, ब्रेक ऐकू येत नाही. ही चिंता तिला लागून राहिली. मी चाक फिरवायचो, ती विचारायची, "आता काही?" मी म्हणायचो, "काही नाही." ती मान हलवायची.

त्या रविवारी पायरीवर बसल्या-बसल्या तिला काहीतरी सुचलं. खाली आली, माझा तळवा धरला आणि चाक धरणाऱ्या दांड्यावर, म्हणजे फोर्कवर, कॅलिपरच्या जरा वर, घट्ट दाबला. दुसऱ्या हातानं चाक फिरवलं.

"काय लागतंय?"

"काय लागणार? थंड लोखंड आहे."

"गप्प बसा आणि बघा."

बसलो. तळव्याखाली काहीतरी हललं. गेलं. पुन्हा आलं. म्हटलं, "मुंगी चावल्यासारखं होतंय. थांबून थांबून."

"तेच ते! तेच शिक्!" ती इतकी हसली की तिला खोकला आला. "तुमचे कान हातात होते हो, आणि मी इतकी वर्षं ओरडत बसले." मग तिला दम लागला आणि ते घासणं दुसऱ्या दिवसावर गेलं. ब्रेक झाला नव्हता, म्हणून फोडणी नाही. दुपारी आम्ही पुन्हा अंबीलच प्यायलो. मी म्हटलं, आजचा दिवस टाक थोडी फोडणी, अन्नावर वासना नाही तुझी. ती म्हणाली, "नियम म्हणजे नियम." आणि जरा आडवी झाली. चहाच्या वेळी हाक मारली तर उठली नाही.

मुलगा आनेकलला कारखान्यात असतो. रिक्षावाला स्वतः जाऊन त्याला घेऊन आला. त्याच रात्री सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. मुलगा झोपला होता. रिक्षावाल्याच्या बायकोनं आणून दिलेलं वरण चुलीजवळ झाकून ठेवलं होतं, पांढरं, बिनफोडणीचं. सुतकात फोडणी घालत नाहीत. डोक्याला तेल लावत नाहीत. मला हे नियम नवे वाटेनात. हा तर ब्रेकचाच दिवस.

शिकेकाईनं कोपरापर्यंत हात धुतले. गोणपाट कालचं तसंच होतं. दोरीवरचं फडकं घेतलं, स्पिरिट लावलं, ताटली दोन्ही बाजूंनी पुसली. मग तळवा फोर्कवर ठेवून चाक फिरवलं. मुंगी चावली. पुन्हा फिरवलं, पुन्हा चावली. गठ्ठ्यातली ती मावसभावाच्या मुलीची पत्रिका काढली, फटीत सरकवली, बोल्ट सैल केले, ब्रेक दाबून धरून आवळले, पत्रिका काढली. चाक फिरवलं. हात गप्प. पुन्हा फिरवलं. गप्प. सवयीनं पायरीकडे बघितलं. मग मीच म्हटलं, "सरी."

आत गेलो. पळीत तेल तापवलं, मोहरी टाकली. तडतडली असणार. मला वास आला. ती वरणावर ओतली.

वासानं मुलगा उठून दारात आला. डोळे सुजलेले. "अप्पा," तो म्हणाला, "फोडणी? सुतकात?"

म्हटलं, "ब्रेक झाला."

तो खाली बसला आणि ताट पुढं ओढलं.