धम्मरत्न मिस्त्रीचे ओटे

जीपमधून फुलसावंगी ते ढाणकी जायचं म्हटलं का आमचे मिस्त्री रस्त्यानं मले बोट दाखवत जातेत. ते पाह्य, ते सयपाकघर आपलं. तिकडचं पिवळ्या गेटवालं, तेही आपलं. आपलं म्हणे. आपलं असतं तर मी तिथं चहा मांडला असता ना. आपलं सयपाकघर एकच हाये, जिथं मी रोज राबते, अन् तिथला ओटा म्हणजे सासऱ्याच्या काळातली शहाबादी फरशी, मधात चिरलेली, एका बाजूनं विटाईवर टेकवलेली. शेगडी ठेवली का उतारावर उभी राहते. वरणाचं पाणी एकीकडे अन् दाळ एकीकडे.

मी सत्यभामा. मिस्त्री म्हणजे माहा नवरा, धम्मरत्न. टाइल्स बसवतेत, ओटे बांधतेत. मिसरूड फुटायच्या आंधी नागपूरले एका ठेकेदाराकडं रेती चाळायले लागले, पाहून पाहून काम शिकले अन् गावी परत आले. माणूस गरीब हाये. दारू नाही, पत्ते नाही, कोणाशी भांडण नाही. गुडघे पार गेले त्या कामानं, खाली बसले का भितीले हात लावून उठतेत. खोड एकच. कोणाच्याही घरी जावो, लग्न असो का मयत, भितीवरच्या टाइल्स बोटाच्या पेरानं ठोकून पाहतेत. पोकळ वाजली, म्हणजे खाली माल कमी भरला, का तोंड कडू करतेत. माह्या लहान बहिणीच्या सोयरिकीची बैठक चालू, अन् हे नवरदेवाच्या घरची भित ठोकून राह्यलते. मी तिकडून डोळे मोठे केले तवा कुठी बसले.

घरी मात्र मुके. दिवसभरात चार शब्द बोलतील तर शपथ. पण जेवायले बसले का दुसऱ्या बाईच्या सयपाकघराची गोठ सुरू. अमकीनं डब्यासाठी फळी ठेवली, तमकीचं सिंक किती खोल हाये. मी इकडं उतारावरच्या तव्यावर भाकर भाजून राह्यली, अन् हा माणूस मले दुसरीच्या सिंकची खोली सांगते. मले जळायले होते. होते म्हणजे होते, त्यात काय लपवायचं.

औंदा माही भिशी लागली. मी ब्लाउज शिवते, त्यातून भरलेली भिशी. म्हटलं बस झालं, आता माहा ओटा. सगळा हिशेब मीच बसवला. नळ हाये तिथंच ठेवायचा, पाइपाचा खर्च नोको. ग्रॅनाइट कायले पाहिजे, काळा कडप्पा बस झाला. टाइल्स अख्ख्या भितीले नाही, ओट्याच्या वर हातभरच. खाली लाकडाचे दरवाजे नाही, पडदा मी मशीनवर शिवीन. अन् मजुरी तर लागणारच नव्हती, मिस्त्री घरचा. तिथंच माहं चुकलं. बाहेरच्या मिस्त्रीच्या मांगं लागता येते, घरच्याच्या मांगं लागलं का भांडण होते.

एका रविवारी त्याईनं जुना ओटा फोडला. मले वाटलं, आठवड्यात काम होते. अन् सोमवारी ढाणकीवरून फोन आला. दीपा सिस्टर म्हणून कोनी बाई, एका दवाखान्यात नोकरीले, नवरा पुण्याले. तिले सयपाकघर नवं करायचं होतं. मिस्त्री म्हणे, तिथलं उरकून येतो, मंग आपलंच हाये. ओटा फोडलेला, मलबा कोपऱ्यात, अन् मी शेगडी जमिनीवर ठेवून विटाईच्या मधात बसून सयपाक करून राह्यली.

महिना गेला. रोज जेवताना दीपा मॅडम. मॅडमची निवड चांगली हाये. मॅडम ड्युटीवर जायच्या आंधी थर्मासमध्ये चहा ठेवून जातेत, वेलची घातलेला. मी म्हटलं असं का. दुसऱ्या दिवशी मीही वेलची घातली. हे चहा पेले, कप ठेवला अन् गेले. मंग मोबाइलमध्ये त्या सयपाकघराचे फोटो. मी घेतला मोबाइल, एक एक फोटो मोठा करून पाह्यला, कुठी ती बाई दिसते का म्हणून. निस्त्या टाइल्स अन् टाइल्स. माहा एक फोटो नाही त्या मोबाइलमध्ये, मी तेही पाहून घेतलं.

एवढ्यावर राह्यलं असतं तरी मी गिळलं असतं. पण काम संपल्यावर हे एक बॉक्स घेऊन आले. निळ्या बारीक फुलाच्या टाइल्स, नव्याकोऱ्या.

"मॅडमनं देल्ल्या. उरल्या होत्या," म्हणे. "आपला तेवढा खर्च वाचला."

"माह्या भितीवर तिचं उरलंसुरलं लावता?"

"टाइल्सवर कोनाचं नाव असते का वं?"

"मले दिसते ना नाव. तुमाले रोज ते फुलं पाहत जेवायचं हाये, ते सांगा."

ते उठले. बाहेर जाऊन हातपाय धूत बसले. मी रात्रभर तळमळत होती. खर्च वाचत होता, हे मलेही कळत होतं. माह्या हिशेबात टाइल्सचेच पैसे कमी पडून राह्यले होते. पण मले पैशाचं नव्हतं पडलं. ज्या माणसाच्या घरी मी एवढी वर्षं राबली, त्याच्या डोक्यात मी हाये का नाही, एवढंच मले समजून घ्यायचं होतं.

सकाळी हे सिमेंट आणायले गेले. मी चांगलं लुगडं नेसली, बॉक्स कमरेवर घेतला अन् ढाणकीची जीप धरली. बॉक्स परत करते म्हणून निघाली होती. खरं तर मले ती बाई पाहायची होती.

दीपा सिस्टरचं घर विचारत गेली, दार तिनंच उघडलं. चौकटीले डोकं लागते का काय, एवढी उंच. दिसायले बरी, पण मी मनात जेवढी सजवली होती तेवढी नाही. मी नाव सांगतलं तर हात धरून आत घेऊन गेली.

"या ना ताई. भाऊंनी एकदाही आणलं नाही तुम्हाला."

भाऊ म्हणे. मी सयपाकघरात गेली अन् आंधी भितच पाह्यली. फोटोत काहीच दिसत नाही. दोन टाइल्सच्या मधातली रेघ कशी, सुतासारखी सरळ. कोपऱ्यातला दगड असा घासलेला का हात फिरवला तर कुठी लागत नाही. ती चहा ठेवायले वळली तसं मी हळूच पेरानं भित ठोकली. पोकळ वाजावी, असंच वाटत होतं मले. चार ठिकाणी ठोकली. कुठीच वाजली नाही.

"काम एक नंबर केलं भाऊंनी," ती म्हणाली, "पण ओटा ठेंगणा झाला हो. वाकून वाकून कंबर धरते माझी. चूक माझीच आहे. मी दिवसभर ड्युटीवर, त्यांना म्हटलं, तुम्हाला कळतं तसं करा. आता काही करता येईल का, विचाराल त्यांना?"

ती वाकून चहा गाळत होती, खरंच अवघडून. मी म्हटलं आणा इकडं, मी गाळते. चहाचा गंज हातात घेतला अन् ओट्यापाशी उभी राह्यली. अन् मले काहीतरी वेगळंच वाटलं. खांदे खाली आले. कोपर बरोबर जागेवर. ना टाचा उचलायचं काम, ना वाकायचं. लग्न झाल्यापासून सयपाक करताना मी अशी सरळ उभीच राह्यली नव्हती. मी तिथंच थांबली, चहा गाळून झाला तरी. अन् मंग डोक्यात सणक गेली. हा ओटा माह्या मापाचा हाये. माहा हाये. अन् तो इथं कायले हाये?

तिनं बॉक्स काही घेतला नाही. तुमच्यासाठीच दिल्या, म्हणाली. माह्यात वाद घालायचा जीव राह्यला नव्हता, मी बॉक्स घेऊन परत निघाली.

घरी आली तर हे मलब्यापाशी विटाईवर बसून सिमेंटची थैली सोडून राह्यलते.

"कुठी गेलती?"

"ढाणकीले. तुमच्या मॅडमकडं."

त्याईनं माह्या कमरेवरच्या बॉक्सकडं पाह्यलं.

"ओटा ठेंगणा झाला म्हणते ती. कंबर दुखून राह्यली तिची," मी म्हटलं.

हे ऐकून ते पांढरेच पडले. त्याईच्या कामाले कोनी नाव ठेवलं नव्हतं आजवर. "ठेंगणा कसा होईन? उंची तर बरोबर धरली होती मी."

"ती बाई केवढी उंच हाये, दिसलं नाही तुमाले? महिनाभर तिचा चहा पेले ना?"

"नाही बा," म्हणे. मंग माह्याकडं पाहून खरोखरचं विचारलं, "किती उंच हायेत त्या?"

मी त्याईच्या हाताकडं पाह्यलं. खोटं बोलताना हा माणूस कानाले हात लावते, मले माहीत हाये. आता दोन्ही हात सिमेंटमध्ये होते, अन् तोंडावर निस्ती काळजी का ओटा चुकला कसा.

"मंग कोनाच्या मापानं केला तुम्ही?"

भितीले हात लावून ते उठले, माह्या बाजूले येऊन उभे राह्यले. सोताच्या बरगडीच्या खाली एका जागी बोट ठेवलं. "तू बाजूले उभी राह्यली का तुहा कोपर इथं लागते. तेवढ्यावर मी भितीले खूण मारतो. बाईमाणसाचं माप म्हणून मले तेच येते. पट्टी कायले लावायची?"

"सगळ्याच घरी?"

"सगळ्याच."

आता तुम्ही म्हणाल, सत्यभामा सुखावली असन. सुखावली ना, खोटं कायले बोलू. पण ते सुख घडीभर टिकलं. महिनाभर मी एका बाईवर जळत होती. आता मले सगळ्याच दिसायले लागल्या, पिवळ्या गेटवाली, खोल सिंकवाली, फुलसावंगीपासून ढाणकीपर्यंतच्या सगळ्या. माह्या कोपराच्या मापाच्या ओट्यावर आरामात उभ्या राहून पोळ्या लाटून राह्यल्या, अन् मी ज्याची बायको, तो मले विटाईत बसवून ठेवते. माह्या डोळ्याले पाणी आलं, तेही रागानं.

"ढाणकीले जायचं नाही," मी म्हटलं. "तिची कंबर दुखो का मोडो. आंधी इथं खूण मारा."

मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढली. भितीवरची धूळ बाहीनं पुसली.

"उभी राह्य," म्हणे.

मी बॉक्स खाली ठेवला अन् भितीले लागून उभी राह्यली.